वारंगांच्या एकोणतीस विंडो

कृष्णा वारंगांच्या कॉम्प्युटरने एका सोमवारी सकाळी त्यांना कळवलं की आपली मुदत संपत आली आहे. भाषा इंग्रजी होती, पण मतलब वारंगांना पहिल्याच ओळीत कळला. सरकारी खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला सेवानिवृत्तीची नोटीस कुठल्याही भाषेत कळते. दहा नंबरची सिस्टीम आता बंद, तिला यापुढे कुणी वाली नाही, अकरा नंबर घ्या, असा एकंदर मजकूर होता. वारंगांना दहा नंबरबद्दल वाईट वाटलं. बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. चालत्या माणसाला वय झालं म्हणून घरी बसवायचं ही पद्धतच त्यांना पसंत नव्हती, आणि ती का पसंत नव्हती हे आचोळ्याच्या ‘सुखनिवास’ सोसायटीत ज्याने त्यांच्यासोबत एकदा तरी चहा घेतलाय त्याला सांगायची गरज नाही.

खाली ‘नंतर आठवण करून द्या’ असं एक बटण होतं. वारंगांनी ते दाबलं आणि दहा नंबरला मुदतवाढ दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. असे दीड महिने ते रोज अंघोळ करून, देवाला फूल वाहून मुदतवाढ देत होते, आणि हा अधिकार आपल्या हातात आहे या समजुतीने त्यांची तब्येतही सुधारली होती. मग सोसायटीचं वार्षिक विवरणपत्र भरायचं ऑनलाइन पान उघडेना. आणि हे नेमकं जितेशच्या देखत घडलं.

हा जितेश पाटकर राहायचा चौथ्या मजल्यावर. वय पस्तीस, अंधेरीला नोकरी, आणि स्वभाव असा की कुठलीही अडचण दिसली की ती सोडवायलाच निघायचा. अडचणीवर आधी चर्चा करायची असते हे त्याच्या गावीच नव्हतं. “काका, सिस्टीम जुनी झालीय,” तो म्हणाला. “मला द्या, रविवारी अर्ध्या तासात करून देतो.”

“सोसायटीची मालमत्ता आहे,” वारंग म्हणाले. “ठराव लागेल.”

कॉम्प्युटर सोसायटीचा होता हे खरं. सात वर्षांपूर्वी घेतला आणि त्याच जुलैत तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात गुडघाभर पाणी शिरलं, म्हणून तो तात्पुरता सेक्रेटरींच्या घरी, म्हणजे ३०२ मध्ये आणला. तो तात्पुरता तिथेच राहिला. सेक्रेटरीही सात वर्षं तेच राहिले. दर वार्षिक सभेला “आहेत तेच राहू देत” असं म्हणून सगळे बटाटेवड्यांकडे वळत. यंदा मात्र जितेशचं नाव लोक घेऊ लागले होते, आणि सभा पंधरा दिवसांवर आली होती. सेक्रेटरीपद गेलं तर कॉम्प्युटर जाणार. आणि कॉम्प्युटर गेला तर वारंगांना ही बिल्डिंगच सोडावी लागली असती.

त्याचं कारण असं. त्या कॉम्प्युटरच्या पोटात, नोटिसा, इतिवृत्तं आणि टँकरच्या पाळ्या यांच्या खाली, एक फाइल होती. तिचं नाव ‘गोप-१६’. सरकारी खात्यात साहेब दरवर्षी हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहितो. काम कसं, वर्तणूक कशी, सचोटी कशी, आणि शेवटी प्रतवारी. वारंगांचा असा अहवाल तेहतीस वेळा लिहिला गेला, आणि निरनिराळ्या साहेबांनी जणू आपसांत ठरवून तेहतीस वेळा ‘ब’ दिला. वारंग वरिष्ठ लिपिक म्हणून लागलेल्या खुर्चीतूनच निवृत्त झाले. दुसऱ्याचा अहवाल आपण लिहायचा, तो दिवस काही त्यांच्या आयुष्यात उगवला नाही. हे त्यांना लागलं होतं. खोटं कशाला बोला, फार लागलं होतं.

म्हणून सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच एकतीस मार्चला त्यांनी हॉलचे पडदे ओढले आणि सोळा सदनिकांचे सोळा गोपनीय अहवाल लिहून काढले. कुणी मागितले नव्हते. कुठे पाठवायचे नव्हते. दरवर्षी एकतीस मार्चला ते लिहायचे, फाइल बंद करायचे आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे.

“पुसून टाका की,” वारंगांच्या पत्नी मीराताई म्हणाल्या. त्यांच्या घरात राहून त्यांच्यापासून काय लपणार.

“अभिलेख आहे तो. नष्ट करायचा तर समिती बसवावी लागते.”

“आणि लिहायला कुठली समिती बसली होती?” एवढं बोलून त्या कोथिंबीर निवडायला गेल्या.

ठरावासाठी कमिटीची बैठक झाली. ‘संगणक अद्ययावत करणेबाबत’ हा विषय सव्वा तास चालला. पहिल्या मजल्यावरच्या १०४ मधल्या पिंकी राऊत या बिल्डिंगची हालहवाल ठेवणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं की त्यांच्या नणंदेने अकरा नंबर घातला आणि तिचे लग्नाचे फोटो गेले. मग नवऱ्याशी भांडण झालं आणि नणंद दोन महिने माहेरी येऊन राहिली, म्हणजे त्यांच्याकडेच. त्या दोन महिन्यांचं सविस्तर वर्णन कमिटीने ऐकून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचे फ्रेडरिक डाबरे हे मूळचे गिरीज गावचे, तिथे केळीची वाडी अजून आहे, पण जन्म गेला सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत. त्यांना नियम तोंडपाठ आणि हरकत घ्यायला ते कायम मोकळे. “काही करू नकोस, वारंग,” ते म्हणाले. “सरकारात अजून सात नंबर चालतो. आपण काय सरकारपेक्षा मोठे?” हे वारंगांना मनापासून पटलं. पण जितेशने विवरणपत्राची शेवटची तारीख सांगितली आणि शेवटी ठराव झाला. तीन दरपत्रकं मागवावीत, काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावं, आणि यंदाचा वार्षिक अहवाल कागदावर न वाटता मोठ्या टीव्हीवर दाखवावा. हे शेवटचं शेपूट जितेशने जोडलं. वारंगांनी ते मान्य केलं, कारण ‘बाहेरच्या माणसाकडून’ हे शब्द त्यांनी घालून घेतले होते आणि त्या आनंदात पुढचं ऐकलंच नव्हतं.

तीनपैकी दोन दुकानदारांनी दरपत्रक म्हणजे काय असं विचारलं. तिसरी प्रीतल. ही मूळची अर्नाळ्याची, आचोळे रोडवर तिचं रिपेअरिंगचं दुकान, तिशीतली, कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. ती शनिवारी सकाळी स्कूटरवरून आली, बॅग खाली ठेवली आणि मॉनिटरकडे बघून जागीच थांबली.

“अंकल, हे काय आहे?”

स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर बारीक बारीक चौकोन एकमेकांना चिकटून बसले होते. एकोणतीस विंडो उघड्या होत्या. काही गेल्या दिवाळीपासून.

“एवढ्या का उघडून ठेवल्यात? बंद नाही करत?”

“काम निकाली निघालेलं नाही,” वारंग म्हणाले.

टेबलावरची फाइल काम संपल्याशिवाय बांधून ठेवायची नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त. गच्चीच्या गळतीचं पत्र उघडं होतं, कारण गळती चालू होती. भटक्या कुत्र्यांचा अर्ज उघडा होता, कारण कुत्री गेटवर होती. कॉम्प्युटर बंदही करायचे नाहीत, फक्त मॉनिटरचं बटण दाबून त्यावर मीराताईंनी शिवलेलं कापड टाकायचे. प्रीतलने हे सगळं ऐकून घेतलं आणि एकेक विंडो बंद करायला सुरुवात केली. प्रत्येक फुलीवर तिचं बोट पडलं की वारंग त्या प्रकरणाचं नाव पुटपुटायचे. सात वर्षांत महानगरपालिकेला न जमलेलं काम त्या पोरीने दोन मिनिटांत केलं. एकोणतीसही प्रकरणं निकाली.

“फायली एका ड्राइव्हवर काढून ठेवते,” असं म्हणून तिने सगळं उतरवून घेतलं आणि तो अंगठ्याएवढा ड्राइव्ह जीन्सच्या खिशात टाकला. सोळा कुटुंबांची अब्रू त्या खिशात गेलेली बघून वारंगांनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी ठाण मांडून बसले. जेवायला उठले नाहीत. मीराताईंनी ताट तिथेच आणून दिलं.

अकरा नंबर चढू लागला. टक्के वाढत होते. वारंग ते मोठ्याने वाचत होते, जणू ते वाचायचे थांबले तर टक्केही थांबतील. पिंकीताई ‘सहज’ म्हणून येऊन गेल्या, डाबरे केळी घेऊन येऊन गेले. चौसष्ट टक्के झाले आणि लाइट गेली.

“यूपीएस आहे ना?” प्रीतल म्हणाली.

होता. टेबलाखालीच होता, जडसंग्रह, म्हणजे सोसायटीच्या सामानसुमानाच्या, नोंदवहीत त्याची नोंद होती, दरवर्षी तो मोजला जायचा. त्याची बॅटरी चार वर्षांपूर्वी गेली होती, पण तसा रकाना नोंदवहीत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सध्या त्यावर मीराताईंची मनीप्लांटची बाटली ठेवलेली असे.

दीड तासाने लाइट आली तेव्हा कॉम्प्युटर दहा नंबरही राहिला नव्हता आणि अकराही झाला नव्हता. प्रीतल म्हणाली, आता सगळं पुसून कोरं करकरीत टाकते, फायली आहेतच माझ्याकडे. दिवेलागणीला अकरा नंबर विराजमान झाला. गुळगुळीत, निळा, ओळख न देणारा. फायली परत आल्या. वारंगांनी वार्षिक अहवाल उघडला आणि नाक स्क्रीनला लावलं. मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा, मध्येच एक डॉलर. ओल्या गिलाव्यावरून कोंबडी चालून जावी तसा सगळा कागद.

“जुना फॉन्ट होता तुमचा,” प्रीतल म्हणाली. “तो गेला. शोधावा लागेल. नाहीतर अहवाल परत टाइप करा नव्या फॉन्टमध्ये, बाकीचं राहू दे तसंच.”

ती पाणी प्यायला आत गेली आणि वारंगांनी झटकन ‘गोप-१६’ उघडली. तीही तशीच. आता खरं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. सात वर्षांत डोक्यावर टांगलेली तलवार आपोआप बोथट झाली होती. जितेशच काय, प्रत्यक्ष चित्रगुप्ताला ती फाइल वाचता आली नसती. अहवालाची आठ पानं नव्याने टाइप केली की काम भागत होतं. शहाण्या माणसाने तेवढंच केलं असतं.

पण वारंग त्या कंसांकडे आणि डॉलरकडे बघत राहिले. एकशे बारा अहवाल. किती विचार करून लिहिलेले. एकेका शब्दासाठी बाल्कनीत फेऱ्या मारलेल्या. जगात त्यांचा एकच वाचक होता, ते स्वतः, आणि तोही आता गेला. प्रीतल बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, “फॉन्ट शोध बाई. सगळं वाचता आलं पाहिजे.”

ती मंगळवारी फॉन्ट घेऊन आली. फाइल वाचता येऊ लागली. जाताना तिने त्यांना एक गंमत शिकवली. विंडो माउसने धरायची आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला नेऊन आपटायची. ती अर्ध्या भागात चपखल बसते. मग उजव्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी छोटी चित्रं येतात, हवं त्यावर माउस नेऊन दाबायचा, ते उजवीकडे बसतं. दोन फायली शेजारी शेजारी, एकावेळी.

वारंग हरखलेच. हे त्यांना तेहतीस वर्षं हवं होतं. पुढचे चार दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. डावीकडे गळती, उजवीकडे कुत्री. डावीकडे टँकर, उजवीकडे अहवाल. आणि रात्री, पडदे ओढून, ‘गोप-१६’. शनिवारपर्यंत एकोणतीस विंडो पुन्हा उघड्या झाल्या होत्या. “चांगलं चाललंय तर बंद ठेवा तो डबा सभेपर्यंत,” असं मीराताई म्हणाल्या. पण सभेत सगळ्यांसमोर अहवाल डावीकडे आणि अंदाजपत्रक उजवीकडे बसवायचं, आणि जितेशचं तोंड बघायचं, हे वारंगांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी सभा पार्किंगमध्ये भरली. खुर्च्या, सतरंजी, वड्यांचा वास. उघडी कामं बंद पडू नयेत म्हणून वारंगांनी हट्टाने यूपीएसला नवी बॅटरी घालून घेतली होती. जितेशने चालू कॉम्प्युटरचा डबा यूपीएससकट उचलून खाली आणला, टीव्हीला जोडला आणि बाजूला झाला. वारंगांनी घसा साफ केला. अहवालाची विंडो धरली, डाव्या कडेला नेली. ती बसली. पार्किंगमधून “अरे वा” असा आवाज आला. उजवीकडे अठ्ठावीस चित्रं उमटली. वारंगांच्या नाकावर वाचायचा चष्मा होता, आणि टीव्ही होता सहा फुटांवर. घरी मॉनिटर हातभर अंतरावर असायचा. त्यांनी अंदाजाने तिसऱ्या ओळीतल्या चित्रावर माउस नेऊन दाबला, उजवा अर्धा भरलेला त्यांना अंधुक दिसला, आणि मग ऐटीत टीव्हीकडे पाठ करून ते हातातल्या कागदावरून अहवाल वाचू लागले.

पाण्याच्या टाकीच्या सफाईपासून सुरुवात केली. सभा चिडीचूप. एवढ्या शांततेने त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. वारंगांचा आवाज चढला. टाकीतून निघालेल्या गाळाचा उल्लेख आला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग तिघे हसले. वारंगांना त्यात हसण्यासारखं वाटलं नाही, पण लोकांना आपली शैली आवडतेय म्हणून तेही थोडे हसले. असं चार मिनिटं चाललं.

मग पिंकीताईंचा आवाज आला. “काका, जरा वर सरकवा ना ते. १०३ पर्यंतच दिसतंय. आमचं नाही दिसत.”

वारंग वळले. चष्मा काढला. टीव्हीच्या उजव्या अर्ध्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सदनिका १०२. वर्तणूक सौजन्यपूर्ण, विशेषतः काही मागायचे असल्यास.’

त्यांनी माउसवर झडप घातली. फुली दाबायची ती शेजारची चौकट दाबली गेली आणि गोपनीय अहवालाने आख्खा टीव्ही व्यापला. जितेश वायर काढायला धावला, पण पुढच्या रांगेने त्याला अडवलं. “थांब रे, वाचू दे.” डाबरेंनी शांतपणे माउस ताब्यात घेतला आणि चष्मा पुसला.

पुढची वीस मिनिटं ‘सुखनिवास’मध्ये एवढी एकी होती की तशी भूमिपूजनालाही नसेल. १०२ चं वाचून १०३ लोळत होते, १०३ चं वाचून १०१. पिंकीताईंचं आलं: ‘कामाचा उरक चांगला. इतरांच्या कामाचा अधिक. पाणी येण्याच्या वेळी जिन्यात हजर, श्रमदानाच्या वेळी आढळून येत नाहीत. प्रतवारी ब-उणे.’ पिंकीताई म्हणाल्या, हे साफ खोटं आहे, पण १०१ चं मात्र अगदी खरं लिहिलंय. सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. पंधरा अहवाल तंतोतंत खरे, फक्त आपला तेवढा चुकलाय. डाबरेंनी स्वतःचा अहवाल मोठ्याने वाचला: ‘बुद्धिमान. बुद्धीचा वापर केवळ हरकतीसाठी करतात. केळी वाटताना मजले बघतात.’ वाचून झाल्यावर त्यांनी माउस पुढे सरकवला, जरा जोरात.

३०२ आली. फ्लॅट मीराताईंच्या नावावर, म्हणून अहवालही त्यांचा. ‘सहनशीलता समाधानकारक. वरिष्ठांच्या सूचना ऐकून घेतात, पाळतात असे नाही. सुधारणेस वाव आहे. ब-अधिक.’

कुणी हसलं नाही. मीराताई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पदर सारखा केला. “वरिष्ठ म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली नाही.

शेवटी ४०४. जितेश पाटकर. ‘बोललेले काम करतो. मोटर जळाली त्या दिवशी एकटाच खाली आला. श्रेय मागत नाही. सेक्रेटरीपदास माझ्यापेक्षा योग्य. प्रतवारी अ-अधिक.’ एकतीस मार्चला, पडदे ओढून, कुणी बघत नसताना वारंग असे होते. गोपनीय असल्यामुळे खरं लिहायला हरकत नव्हती.

आता सगळे एकदम बोलू लागले. बदनामी, पोलीस, माफी, वडे थंड होतायत. डाबरे उठून उभे राहिले. “हरकतीचा मुद्दा,” ते म्हणाले. “प्रतिकूल शेरा संबंधिताला लेखी कळवावा लागतो. कळवला नाही तर तो विचारात घेता येत नाही. वारंग, कळवले होते?”

“नाही,” वारंग म्हणाले. नियम त्यांनाही माहीत होता. त्यांचा चेहरा किंचित उजळला.

“मग पंधरा घरांचे सगळे प्रतिकूल शेरे रद्द. कुणाची बदनामी झालेली नाही, कारण शेरेच नाहीत. बसा सगळे.” लोक बसले. वारंगांना वाटलं, माणूस शेवटी आस्थापनेचा, धावून आला. “पण चांगला शेरा कळवावा लागत नाही,” डाबरे पुढे म्हणाले. “तो कायम राहतो. ४०४ च्या अहवालात खोडण्यासारखं काही नाही. आणि तो सेक्रेटरींनी स्वतः लिहिलाय. तेव्हा सेक्रेटरींच्या शिफारशीनुसार, नवीन सेक्रेटरी म्हणून मी जितेशचं नाव सुचवतो.”

“अनुमोदन,” दुसऱ्या रांगेतून मीराताई म्हणाल्या.

हात वर झाले. जितेशने मोजले, संकोचून पुन्हा मोजले. पंधरा घरं, अधिक मीराताई. “काका,” तो हळूच म्हणाला, “इतिवृत्तात बहुमताने लिहायचं की सर्वानुमते?”

सगळे वारंगांकडे बघू लागले. वारंग टीव्हीकडे बघत होते. अहवालाच्या तळाशी, दरवर्षीप्रमाणे, त्यांनीच लिहिलेली ओळ होती: ‘वरील मत माझे स्वतःचे असून ते पूर्ण विचारान्ती नोंदविले आहे.’ खाली त्यांचं नाव. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यांनी आठ पानी खुलासा दिला असता. तेहतीस वर्षांत ‘ब’शिवाय काही मिळालं नव्हतं, पण स्वतः केलेली नोंद त्यांनी एकदाही फिरवली नव्हती.

त्यांनी हात वर केला. मग तोच हात खाली घेऊन, खुर्ची पुढे ओढून, त्यांनी इतिवृत्ताची विंडो उघडली आणि सोळा घरांच्या देखत एका बोटाने टाइप केलं: सर्वानुमते.